अगं, त्या जोडीला जरा दम घेऊ दे

अगं, एवढं कानकोंडं व्हायला काय झालं? मासेच आहेत ते, आणि सुखात आहेत. तेवढाच काय तो त्यांचा गुन्हा. कन्व्हिक्ट सिक्लिडची जोडी दोन फुटी टाकीत ठेवायची, पाणी वेळेवर बदलायचं, सकाळ-संध्याकाळ खाऊ घालायचं, वर कोपऱ्यात मातीची कुंडी आडवी टाकून ठेवायची. मग महिन्या-दीड महिन्याने पाळणा हलणार नाही तर काय होणार? "ताई, मागची पिलं अजून नखाएवढी झाली नाहीत तोवर हिने पुन्हा अंडी घातली," असं तू रडवेल्या आवाजात म्हणालीस आणि मला हसू फुटलं. तुला राग आला, कळलं मला. म्हणून आता गॅस बंद कर, जरा टेक, आणि नीट ऐक.

यात तुझं काही चुकलेलं नाही. उलट तू त्यांची बडदास्त जरा जास्तच चांगली ठेवलीस. हे मासे मूळचे मध्य अमेरिकेतले, ग्वाटेमालापासून कोस्टा रिकाच्या बाजूचे. तिकडे ओढ्यांत आणि तळ्यांत दगडांच्या कपारी धरून राहतात. ओढ्याला लोंढे येतात, मोठे मासे टपलेले असतात, अन्न कधी मिळतं कधी नाही. शेकडो पिलांतली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मोठी होतात. म्हणून संधी मिळाली की अंडी घालून मोकळं व्हायचं, हा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा शिरस्ता. तुझ्या हॉलमधल्या टाकीत ना पूर येत, ना शिकारी. तिथे त्यांचं बाराही महिने माहेरपण चाललंय. मग शिरस्ता तोच राहिला आणि अडथळे मात्र सगळे गेले, असं झालंय.

आता तुझ्या बाईसाहेबांचं वेळापत्रक समजून घे, कारण उपाय त्यातच आहे. अंगाने लहान आणि पोटावर केशरी-सोनेरी झाक असलेली, ती मादी. बहुतेक माशांत नटण्याची हौस नराला, इथे उलट. नर मोठा, साधारण दहा-बारा सेंटिमीटरचा, पंख लांब आणि टोकदार. कुंडीच्या आतल्या बाजूला ती शंभर ते तीनशे अंडी चिकटवते. पाणी २६-२७ अंशांवर असेल तर तीनेक दिवसांत अंडी फुटतात. पिलं आधी नुसती वळवळतात, पोटाशी असलेल्या बलकावर जगतात. आईबाप त्यांना तोंडाने उचलून वाळूत उकरलेल्या खड्ड्यात हलवतात. आणखी चार-पाच दिवसांनी ती पोहायला लागतात आणि मग सुरू होते खरी राखण. आई पिलांच्या जवळ, बाप थोडा बाहेरच्या कडेला पहाऱ्यावर. चार ते सहा आठवडे हे चालतं. या काळात दोघांचं लक्ष सहसा पुढच्या अंड्यांकडे नसतं.

हे शेवटचं वाक्य पुन्हा ऐक. पिलं जवळ आहेत तोवर पुढची वीण लांबते. तू काय केलंस? अंडी दिसली की कुंडी उचललीस, अंडी घासून काढलीस आणि रिकामी कुंडी पुन्हा टाकीत ठेवलीस. तुला वाटलं, सुटले. पण त्या मादीच्या हिशेबी ही वीण वाया गेली, तेव्हा दुसरी लावायला हवी. दोनेक आठवड्यांत ती पुन्हा तयार. तू जितकी तत्परतेने अंडी काढशील तितकी ती तत्परतेने घालत राहील, आणि दमणार तुम्ही दोघी. दुकानातला मुलगा "अंडी काढून टाका ना मॅडम" असं सांगतो तेव्हा तो अर्धंच सांगतो. पुढचं अर्धं असं: अंडी काढायची असतील तर त्याच दिवशी जोडी वेगळी करायची. आणि जोडी एकत्र ठेवायची असेल तर वीण त्यांच्याजवळ राहू द्यायची. अंडी काढायची आणि जोडी तशीच ठेवायची, हा तिसरा रस्ता बंद समज.

मला विचारशील तर जोडी वेगळी कर. कारण आता प्रश्न पिलांचा राहिलेला नाही, मादीचा आहे. तू पाठवलेल्या फोटोत तिच्या शेपटीच्या कडा फाटलेल्या दिसल्या मला, आणि पोट आत गेलेलं. सारखी अंडी घालणाऱ्या मादीला अंगावर मांस धरायला उसंत मिळत नाही. त्यात ती तयार नसली की नर तिला टाकीभर हुसकतो, चावतो. दोन फुटी टाकीत ती पळून जाणार कुठे? वरच्या कोपऱ्यात किंवा फिल्टरच्या पाइपामागे तासन्‌तास दडून राहायला लागली, खाणं टाकलं, तर त्याच दिवशी वेगळं कर. रविवारपर्यंत थांबू नकोस. यात जीवही जातो.

जोडी तोडल्याचं पाप वगैरे मनात आणू नकोस हं. ओळखते मी तुला. हे मासे काही सात जन्मांची गाठ मारून बसलेले नसतात. निसर्गात त्यांची सोबत बहुतेक वेळा एका विणीपुरती असते. पिलं मार्गी लागली की ज्याचा तो. वेगळी केल्यावर एक-दोन दिवस काचेशी घुटमळतील, मग खायला लागतील. मादी तर महिन्याभरात अशी सुधारेल की तूच बघत राहशील.

वेगळं करायचं म्हणजे खरोखर दुसरी टाकी. मध्ये भोकाभोकांचं पार्टिशन घालून भागेल असं वाटतं, पण पाणी दोन्हीकडे फिरतं, आणि मादीने पार्टिशनलगत अंडी घातली तर ती फळूही शकतात. शिवाय नर दिवसभर पलीकडून धडका देतो, ते वेगळंच. जागा नसेल तर नर कुणाला तरी देऊन टाक. एकटी मादी कधीमधी अंडी घालेल, पण ती फळणार नाहीत. पांढरी पडतील, बुरशी धरेल, आणि ती स्वतःच खाऊन टाकेल. घाबरून मला फोन करू नकोस. आणि पुढे कधी पुन्हा एकत्र आणावंसं वाटलं, तर नराला थेट तिच्या टाकीत सोडू नकोस. आधी टाकीतले दगड-कुंड्या हलवून मांडणी बदल, म्हणजे जागेवर कुणाचा हक्क राहत नाही. मग दोघं समोर असताना तासभर बसून बघ.

दुसरी टाकी येईपर्यंतच्या दिवसांसाठी थोडं सांगते. यांतलं काहीच रामबाण नाही, पण वेग मंदावतो.

पाणी जरा थंड ठेव. तू नाशिकला आहेस, त्याचा फायदा घे. हीटर २८ वर लावून ठेवला असशील तर रोज एखाद्या अंशाने उतरवत २३ पर्यंत आण. त्याखाली फार जाऊ नकोस. विशीच्या खाली पाणी गेलं की मासे मलूल होतात, रोग धरतात. हिवाळ्यात नाशिकची रात्र पाणी बरंच गार करते, म्हणून हीटर काढून टाकू नकोस, फक्त खाली लाव. माझ्यासारखी ठाण्यात असतीस तर हा उपाय सांगितलाच नसता. इथे हीटर बंद असला तरी वर्षातले कितीतरी महिने पाणी आपलं २७-२८ वर.

खाणं कमी कर. दोन वेळांऐवजी एक वेळ, दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि आठवड्यातला एक दिवस उपास. ब्लडवर्म आणि इतर जिवंत खाद्य बंद. असं मांसाहारी खाणं अंगी लागतं आणि अंडी भरतात. त्याऐवजी कधी उकडलेला मटार साल काढून, चुरून घाल. मादी वेगळी झाली की मात्र तिला चांगलंचुंगलं दे. तिला अंग भरून यायला हवं.

कुंडी काढ. नारळाची करवंटी, पाइपाचा तुकडा, आडोसा होईल असं सगळं काढ. यानेही मादी थांबेलच असं नाही. मनावर घेतलं तर फिल्टरच्या पाइपावर घालेल, काचेवर घालेल. पण कपार मिळाली नाही की चालढकल होते, आणि चालढकल म्हणजे तेवढेच आठवडे पदरात. फक्त मादीला लपायला प्लास्टिकच्या झाडांचा एक दाट कोपरा ठेव. आडोसा पूर्ण काढलास तर मार खाईल ती.

आणि एकदम मोठं पाणी बदलू नकोस. भरपूर ताजं, जरा गार पाणी पडलं की पुष्कळ मासे त्याला नव्या पावसाचं पाणी समजतात आणि विणीला लागतात. आठवड्याला चौथा हिस्सा बदल, टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट करून. नळाचं पाणी बादलीत दिवसभर ठेवून किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब घालून मगच ओत.

आता त्या आत्ताच्या पिलांचं. दोन फुटी टाकीत साधारण पन्नास-पंचावन्न लिटर पाणी मावतं. त्यात मोठी जोडीच कशीबशी राहते. दीडशे पिलं आज भाताच्या शिताएवढी दिसतात म्हणून पोटात माया दाटून येते, पण प्रत्येक पिलू खाणार, घाण करणार, आणि त्या घाणीचा अमोनिया होणार. फिल्टरमधले जिवाणू ठरावीक प्रमाणातच तो पचवतात. मग एका सकाळी सगळे मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासताना दिसतील, त्यांत मोठी जोडीसुद्धा. सगळ्यांना वाचवायला गेलीस तर एकही धड वाढणार नाही. म्हणून आधी आकडा ठरव. तुझ्याकडे किती घरं पक्की आहेत? "बघू, घेईल कुणीतरी" म्हणणारी घरं धरू नकोस. पाच घरं पक्की असतील तर पंचवीस पिलं वाढव. त्यांना वेगळ्या छोट्या टाकीत ने, साधा स्पंज फिल्टर लाव, बारीक चुरलेलं खाद्य थोडं थोडं दे. उकडलेल्या अंड्याचा बलक घालायला शेजारीण सांगेल. घालू नकोस, पाणी नासतं. उरलेली पिलं आईबापांजवळ राहू दे. ती जगतील तेवढी जगतील. त्यांच्यासाठी वेगळं खाद्य नको, वेगळी जाळी नको.

हे तुला कठोर वाटतंय. वाटू दे, पण ऐक. कोनराड लोरेंझ म्हणून ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ होते, प्राण्यांच्या वागण्याच्या अभ्यासासाठी १९७३ चं नोबेल मिळालेले. 'किंग सॉलोमन्स रिंग' या पुस्तकात त्यांनी याच सिक्लिड कुळातल्या ज्वेल फिशच्या एका बापाची हकिगत सांगितली आहे. संध्याकाळी तो भरकटलेल्या पिलांना तोंडात धरून घरट्यात आणत होता. मध्येच खायला म्हणून त्याने एक किडा तोंडात घेतला, आणि तेवढ्यात एक चुकार पिलू दिसलं म्हणून तेही तोंडात घेतलं. आता तोंडात एक गिळायचा आणि एक जपायचं! तो थबकला. मग दोन्ही तळाशी थुंकले, आधी किडा खाल्ला, आणि मग पिलू उचलून घरी नेलं. हे ऐकून तुझे डोळे भरून येणार, ठाऊक आहे मला. पण याच कुळातले आईबाप बुरशी धरलेली अंडी वेचून खातात, म्हणजे शेजारची चांगली अंडी वाचतात. दुसरी वीण आली की आधीच्या पिलांना हुसकून लावतात, कधी खातातही. जीव लावणं आणि काही जीव सोडून देणं, दोन्ही त्यांच्या एकाच संसारात आहे. तू त्यांच्याहून हळवी झालीस तर त्रास तुलाच.

म्हणून निर्णय लवकर घ्यायचा, एवढंच माझं म्हणणं. अंडी पहिल्या दिवशीच काढली तर मनालाही सोपं आणि जिवालाही. पोहती, डोळे लुकलुकवणारी पिलं झाल्यावर तेच काम हजारपट अवघड. आणि जिवंत पिलं संडासात ओतून फ्लश करायची नाहीत. ती लगेच मरत नाहीत, घाणीत तडफडत राहतात. वाकड्या पाठीचं, पोहताच न येणारं एखादं पिलू निघालं तर माझ्याकडे घेऊन ये किंवा मासे बघणाऱ्या पशुवैद्याला विचार. लवंगेच्या तेलाने माशाला आधी गुंगी आणून शांतपणे मरण देता येतं, पण किती आणि कसं ते शिकूनच.

आता देण्याघेण्याचं. दुकानदार पिलं विकत घेईल या भ्रमात राहू नकोस. त्याला चेन्नईच्या कोलाथूरहून, कोलकात्याच्या बाजूने घाऊक माल येतो. तिकडे घरोघरी रंगीत माशांची पैदास चालते. त्यात ही जात भराभर वाढणारी आणि भांडकुदळ, तेव्हा तिला कुठे भाव असणार! बदल्यात खाद्याचं पाकीट दिलं तरी पुष्कळ झालं. ज्याला देशील त्याला स्वभाव सांगून दे: गप्पी, टेट्रा असल्या गरीब माशांत हे सोडले तर चिंध्या करतात. आणि शक्यतो एकाच घरी नर-मादी देऊ नकोस. पिलू अडीच-तीन सेंटिमीटरचं झालं की मादीच्या पोटावर केशरी ठिपके दिसायला लागतात, तेव्हा निवडता येतं. न निवडता दिलीस तर सहा महिन्यांच्या आत तीच भावंडं आपापसात जोड्या लावतील, आणि मग ते घर तुला फोन करेल, जसा तू मला केलास. ज्यांच्याकडे मोठ्या टाकीत ऑस्कर मासे आहेत ते लोक पिलं खाद्य म्हणूनही मागतात. द्यायची की नाही, तो तुझ्या मनाचा प्रश्न. दिलीस तर मी तुला बोल लावणार नाही, नाही दिलीस तरी नाही.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते, यात माझं ऐकायचंच. तुझ्या नवऱ्याने सुचवलं ना, "गोदावरीत सोडून देऊ, तेवढंच पुण्य"? त्यांना म्हणावं, त्यात पुण्य नाही. नदीत नाही, धरणात नाही, सोसायटीच्या विहिरीत नाही, विसर्जनाच्या हौदातही नाही. ऑस्ट्रेलियात आणि हवाई बेटांवर लोकांनी सोडलेले हेच कन्व्हिक्ट आता तिथल्या पाण्यात ठाण मांडून आहेत. आणि इतक्या लांब कशाला जायचं? तिलापिया, आपली माणसं जिला चिलापी म्हणतात, तीही याच कुळातली. १९५२ मध्ये बाहेरून भारतात आणली. आज उजनीच्या काठी कुठल्याही कोळ्याला विचार, जाळ्यात काय येतं ते. जिथे चिलापी माजली तिथे मूळच्या माशांना अन्न आणि जागा अपुरी पडते. आपल्या देशात मूळचे सिक्लिड फक्त तीन जातींचे. त्यांतलं एक गोव्याच्या खाड्यांतलं काळुंदर, तेही आईबाप मिळून पिलं सांभाळणारं. तुझी जोडी आवडते तर ती काचेआड राहू दे. नदीत ज्यांचं घर आहे त्यांना त्यांचं पाणी राहू दे.

तुझ्या लेकालाही यात घे. तो पिलांना नावं देत सुटलाय म्हणे. देऊ दे, पण ठेवायच्या पंचविसांनाच. त्याच्या हाती एक वही दे: अंडी कधी घातली, कधी फुटली, पाणी किती अंश, कुणाला किती पिलं दिली. दोन-तीन विणींची नोंद झाली की पुढची कधी येणार ते तोच तुला आधी सांगेल. आणि त्याने विचारलं, "आई, बाकीच्यांचं काय?" तर खोटं सांगू नकोस. सगळी जगत नाहीत, आणि सगळी जगवायची म्हटली तर आपल्या टाकीत कुणालाच धड जगता येणार नाही, हे आठ वर्षांच्या पोराला कळतं. तुलाच कळून घ्यायला वेळ लागतोय.

तर आता असं कर. आज संध्याकाळी कुंडी तशीच राहू दे, कारण अंडी घालून तीन दिवस उलटलेत, आता फुटलीही असतील. ही वीण त्यांची त्यांना सांभाळू दे. तेवढा चार-सहा आठवड्यांचा अवधी तुला मिळाला. मादीवर मात्र लक्ष ठेव, तिला मार बसताना दिसला तर या अवधीची वाट बघू नकोस. तेवढ्यात पक्क्या घरांची यादी कर आणि दुसरी टाकी आण. नवीनच हवी असं नाही, माझ्याकडे गॅलरीत दीड फुटी पडून आहे, ती पिलांना होईल. नराला मात्र दोन फुटीच बघ. फिल्टर लगेच घेऊन ठेव आणि आत्ताच्या टाकीतच चालवत ठेव, म्हणजे त्यात जिवाणू तयार होतील. पिलं हलवायच्या दिवशी मी येते. नर पकडायला दोन जाळ्या लागतात, एका हाताने नाही सापडत तो. आणि हो, येताना मी तुझ्यासाठी मासे आणणार नाहीये, तेव्हा दुकानातल्या त्या निळ्या गौरामींच्या जोडीचा विषय आत्ताच सोड.